श्वासाची पर्यायी व्यवस्था

प्रति,
मा. अधीक्षक,
श्वसन उपकरणे स्वच्छता व वाटप विभाग,
सार्वजनिक रुग्णालय, तिसरा मजला.

अर्जदार: आपल्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील एका रुग्णाची धाकटी बहीण. व्यवसाय: मोटार ड्रायव्हिंग स्कूल.

विषय: माझ्या थोरल्या बहिणीस घरी नेण्यासाठी निर्जंतुक व कोरडा श्वसन संच, तसेच एक राखीव संच मिळण्याबाबत, आणि वाळवणीचे कपाट नळ्यांसाठी मोकळे करण्याबाबत.

संदर्भ: १) प्रत्येक रुग्णाकडे एकच संच ठेवण्याविषयीचे आपले परिपत्रक.
२) "पर्यायी व्यवस्था" करण्याविषयी मला आलेले आपले उत्तर.
३) खिडकीवर वेळोवेळी मिळालेली तोंडी उत्तरे, ज्यांना जावक क्रमांक नसतो.

महोदय,

आपण कामात असाल हे जाणून आहे. मीही कामात असते. तरी हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती सुरुवातीलाच करते, कारण याआधीचे माझे अर्ज केवळ विषयाच्या ओळीपर्यंत वाचले गेले असावेत, असे त्यांना आलेल्या उत्तरांवरून वाटते.

१. रुग्ण माझी थोरली बहीण आहे. मी तिला ताई म्हणते आणि या अर्जातही तसेच लिहीन, कारण "सदर रुग्ण" असे लिहू लागले की कोणा परक्या बाईविषयी लिहिते आहे असे मलाच वाटू लागते. ताईने नोकरीची सगळी वर्षे बसस्थानकावर माईकसमोर काढली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, कोणती रद्द झाली, हे ती सांगायची. आई-वडील लवकर गेले. माझे शिक्षण, माझी पहिली गाडी, माझे ड्रायव्हिंग स्कूल हे सगळे तिच्या त्या आवाजाच्या जोरावर उभे राहिले. तिने लग्न केले नाही. मी केले, ते टिकले नाही. बॅग घेऊन परत तिच्या दारात उभी राहिले तेव्हा तिने एवढेच विचारले, की रिव्हर्स नीट घेतलीस ना, कुठे घासलं नाही ना. तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र राहतो.

२. ताईला छातीचे स्नायू हळूहळू दुबळे होण्याचा आजार आहे. आपल्याच रुग्णालयातील मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला तो फार सोप्या शब्दांत समजावला होता. त्या म्हणाल्या, भाता चांगला आहे, भाता ओढणारा हात दमला आहे. म्हणून झोपेच्या वेळी आणि थकवा आला की दिवसाही तिला श्वास देणारे यंत्र लावावे लागते. यंत्र टेबलावर बसते, त्याला पाण्याचे एक भांडे असते ज्याने हवा ओलसर होते, भांड्यापासून लांब नळी निघते आणि नळीच्या टोकाला मास्क. मास्क, नळी आणि भांडे मिळून एक संच होतो, हे आपणास सांगण्याची गरज नाही. परंतु आपल्या परिपत्रकात संचाचा उल्लेख "साहित्य" असा झाला आहे आणि साहित्य म्हटले की स्टेपलरही त्यात येतो, म्हणून खुलासा केला.

३. हा संच पुन्हा पुन्हा वापरायचा असतो. रोज तो साबणाच्या कोमट पाण्याने धुणे हे माझे काम आहे आणि ते मी आजवर चुकवलेले नाही. काही आठवड्यांनी तो आपल्या विभागाकडे द्यायचा, तिथे तो औषधाच्या पाण्यात पूर्ण बुडवून निर्जंतुक करायचा, खळबळून काढायचा, गरम हवेच्या कपाटात वाळवायचा आणि बंद पिशवीत परत द्यायचा, ही आपली पद्धत. पद्धत चांगली आहे, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. आपल्या धुण्याच्या खोलीत काम पाहणाऱ्या सिस्टरनी सुरुवातीलाच आम्हा घरच्यांना उभे करून सगळे दाखवले होते. नळी बुडवताना तिरकी धरायची, आत हवेचा फुगा अडकला तर तेवढ्या भागाला औषध लागत नाही, हे मला त्यांनीच शिकवले. "धुऊन झालं, बुडवून झालं, म्हणजे काम झालं असं समजू नका," त्या म्हणाल्या होत्या. "नळीत थेंब राहिला तर सगळी मेहनत पाण्यात."

पूर्वी प्रत्येक रुग्णाकडे दोन संच असत. एक आपल्याकडे धुण्यास गेला की दुसरा घरी चालू. त्या काळात मी आपल्या विभागाविषयी चांगलेच बोलत असे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना विचारावे.

४. मग आपल्या अभिलेख खोलीत वरच्या मजल्यावरच्या नळाची गळती सुरू झाली. गळती होते, इमारत जुनी झाली की होणारच. फायली भिजू लागल्या म्हणून त्या हलवणे भाग होते, हेही मला पटते. पण त्या कुठे हलवल्या हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. धुण्याच्या खोलीचे दार उघडे होते आणि सिस्टर ज्या कपाटाला पाठ लावून उभ्या होत्या, ते गरम हवेचे वाळवणीचे कपाट वरपासून खालपर्यंत फायलींनी भरलेले होते. ज्या आकड्यांना नळ्या टांगायच्या त्यांना फायलींच्या नाड्या अडकवल्या होत्या. मी खिडकीवरच्या गृहस्थांना विचारले. (त्यांना आम्ही बाकावरचे लोक स्वेटरवाले म्हणतो, कारण उन्हातान्हातही त्यांच्या अंगात बिनबाह्यांचा स्वेटर असतो. यात अनादर नाही.) त्यांनी शांतपणे सांगितले की फायली सादळल्या होत्या, त्यामुळे कपाट मधूनमधून चालू करावे लागते. म्हणजे कपाट बिघडलेले नाही. ते रोज चालते. आपल्या विभागात या घडीला कोरडी गरम हवा मिळते ती फायलींना.

नळ्या मात्र खाली इमारतीमागच्या बोळात दोरीवर असतात. त्या बोळात ऊन येत नाही, वारा येत नाही, आणि शेजारी उपाहारगृहाची भांडी घासली जातात.

५. दोरीवर नळ्या वाळायला वेळ लागतो, म्हणून संच अडकू लागले. संच अडकले म्हणून तुटवडा झाला, तुटवडा झाला म्हणून परिपत्रक निघाले, की प्रत्येक रुग्णाने दुसरा संच जमा करावा. मी जमा केला. सरकारी कागदाला उलट उत्तर देण्याची आमच्या घरात सवय नाही. जमा करताना फक्त एक प्रश्न लेखी विचारला: एकमेव संच धुण्यास दिल्यावर तो परत मिळेपर्यंत माझ्या बहिणीने काय करावे?

आपले उत्तर आले. त्यात असे होते की सदर कालावधीत रुग्णाने आपल्या स्तरावर पर्यायी व्यवस्था करावी.

महोदय, मी ते पत्र ताईला वाचून दाखवले. तिने पुन्हा वाचायला सांगितले. मग ती मास्कच्या आड हसली आणि हसण्याने तिला धाप लागली, म्हणून मला पुढे बोलता आले नाही. शांत झाल्यावर ती म्हणाली, "त्यांना विचार, गाडी रद्द झाली तर पुढची गाडी कधी, ते तरी आम्ही सांगायचो."

मी तो प्रश्न विचारण्यास आले होते. आपण बैठकीत होतात. स्वेटरवाल्यांचे म्हणणे असे की पर्यायी व्यवस्था हा शब्द सर्व पत्रांत असतो, त्याचा एवढा अर्थ काढायचा नसतो. मी म्हटले, पाणी नसेल तर टँकर येतो, वीज गेली तर मेणबत्ती लावता येते, श्वासाला काय लावायचे तेवढे सांगा. त्यांनी माझ्यामागच्या माणसाला पुढे बोलावले.

६. त्यानंतर संच धुण्यास देण्याचा दिवस आला की आमच्या घरी काय होते ते लिहिते. मी शिकवणीची गाडीच घेऊन निघते, कारण वेगळा वेळ काढता येत नाही. चालवायला शिकाऊ उमेदवार, मांडीवर संचाची पिशवी. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना आता आपल्या रुग्णालयाचा रस्ता तोंडपाठ आहे, दुसरा कोणताही नाही. परीक्षेच्या दिवशी एका बँकवाल्या बाईंनी सवयीने गाडी आपल्या फाटकात आणून उभी केली, परीक्षकांसकट.

घरी ताई खुर्चीत ताठ बसून राहते. आडवी झाली की जीव घाबरा होतो. शेजारच्या काकू सोबतीला येतात आणि तिला डुलकी लागली की हलवतात, कारण यंत्राशिवाय झोप लागणे तिच्यासाठी धोक्याचे आहे. एका आजारी बाईला झोपू न देण्यासाठी दुसऱ्या बाईने पहारा द्यायचा, ही आमच्या स्तरावरील पर्यायी व्यवस्था आहे. पत्राच्या उत्तरादाखल कळवत आहे.

७. अशाच एका दिवशी मला परत मिळालेल्या पिशवीत लहान मुलाचा मास्क निघाला. इवलासा, पट्ट्यावर चांदण्यांचे स्टिकर. घरी येऊन उघडेपर्यंत कळले नाही, कारण पिशवीवर ताईचाच क्रमांक होता. मी तशीच मागे फिरले. खिडकी बंद झाली होती. बाकावर मात्र एक गृहस्थ बसलेले होते, हातात मोठा मास्क धरून, तो उलटसुलट करून पाहत. ते बेकरीत भट्टीवर काम करतात आणि त्यांच्या मुलीला, जिला ते चिमणी म्हणतात, ताईसारखेच यंत्र लागते. तो मोठा मास्क ताईचा होता. पट्ट्यावर मी स्वतः घातलेला टाका होता.

आम्ही मास्क बदलले. परंतु आपल्या खिडकीतून अदलाबदल होऊन आलेली वस्तू तशीच एका बाईच्या आणि एका पोरीच्या नाकातोंडावर लावावी, एवढे अडाणी आम्ही दोघेही नाही. आम्ही दोघे सिस्टरकडे गेलो. त्यांची घरी जायची वेळ झाली होती, पर्स खांद्याला होती. त्यांनी पर्स खिळ्याला अडकवली, हातमोजे चढवले आणि दोन्ही मास्क पहिल्यापासून पुन्हा धुतले, बुडवले, खळबळले. भट्टीवाले आणि मी उभे राहून निर्जंतुक कापडावर ते सुकताना पाहत होतो. दोघांच्याही घरी कोणीतरी ताठ बसून वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवशी हा प्रकार मी खिडकीवर प्रामाणिकपणे सांगितला, पिशव्यांवरचे क्रमांक तपासावेत म्हणून. त्याचा परिणाम असा झाला की परस्पर अदलाबदल नियमबाह्य ठरली. नोंदीप्रमाणे ताईला लहान मास्क दिला गेला आहे, म्हणून ताईने लहान मास्क परत केल्याशिवाय तिच्या नावावर मोठा चढणार नाही, असे मला सांगण्यात आले. लहान मास्क चिमणीच्या चेहऱ्यावर आहे. तो तिथून काढून आणायला मी तयार नाही. भट्टीवाल्यांनाही हेच उलट बाजूने सांगितले आहे आणि तेही तयार नाहीत. सबब आपल्या नोंदीत माझी बहीण अजूनही चार वर्षांच्या मुलीचा मास्क वापरते.

सिस्टरना कामाच्या वेळेनंतर पाणी व औषध वापरल्याबद्दल खुलासा मागितल्याचे कळले. ती मागणी मागे घ्यावी. खुलासा हवाच असेल तर तो मी देते.

८. आता मुख्य गोष्ट. इथपर्यंत मी चिडून लिहिले असेल तर तेवढे सोडून द्यावे. इथून पुढे सावकाश वाचावे.

मागील खेपेला मला जो संच मिळाला त्याच्या पिशवीला आतून वाफ धरली होती. मी खिडकीवरच नळी उजेडाकडे धरून दाखवली. वळणावळणाच्या नळीत प्रत्येक वळणाला थेंब बसलेले होते. स्वेटरवाले म्हणाले की यंत्राला पाण्याचे भांडे असते, त्यामुळे नळीत पाणी येतेच. मी म्हटले की येते, पण यंत्राला लावल्यावर येते, ही नळी अजून आपल्या खिडकीत आहे. त्यावर ते म्हणाले, घ्यायची असेल तर सही करा, नसेल तर पुढच्या वाटपाला या. पुढचे वाटप दुसऱ्या दिवशी होते. ताई सकाळपासून यंत्राशिवाय होती. मी सही केली.

घरी येऊन नळी झटकली, पंख्याखाली टांगली, खालून वरून फुंकर घातली, ड्रायरचा थंड वारा सोडला. ताईची मान एका बाजूला पडू लागली होती आणि काकू तिचे गाल थोपटत होत्या. आणखी थांबणे शक्य नव्हते. मास्क लावल्यावर नळीत गुळगुळ असा आवाज येत राहिला. ताईने डोळ्यांनी विचारले. मी सांगितले, काही नाही, थोडं पाणी आहे.

त्या आठवड्यात तिला ताप भरला. छातीत कफ दाटला. आपण खोकतो आणि मोकळे होतो, तसे तिला होत नाही. खोकायलाही तोच हात लागतो जो दमला आहे. मी तिला उचलून गाडीत घातली आणि त्या दिवशी गाडी शिकाऊ माणसाने नाही, मी चालवली. गेले काही दिवस ताई आपल्या खालच्याच मजल्यावर आहे, सुरुवातीला मोठ्या यंत्रावर होती.

त्या नळीमुळेच हे झाले, असे मी शपथेवर सांगत नाही. डॉक्टरीणबाईंनीही तसे सांगितले नाही. जंतू कुठून आला हे नेहमी ठरवता येत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि खरे बोलणाऱ्या माणसावर मी तक्रार लादणार नाही. पण त्यांनी नळी मागवून घेतली. खिडकीपाशी जाऊन उजेडाकडे धरली. बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे न बघता ती वेगळ्या पिशवीत घालून तपासणीला पाठवली आणि हात धुवायला गेल्या.

९. ईश्वराच्या आणि वॉर्डातील लोकांच्या कृपेने ताई आता सुधारते आहे. ताप उतरला. मोठ्या यंत्रावरून ती पुन्हा मास्कवर आली. डॉक्टरीणबाई म्हणतात की या वॉर्डात जितके दिवस राहील तितकी नव्या संसर्गाची भीती, तिला लवकर घरी न्या. त्यांची अट एकच आहे, ती योग्यच आहे: घरी निर्जंतुक, कोरडा संच असल्याची खात्री आणि जोडीला एक राखीव संच.

म्हणून मी आपल्या खिडकीवर आले. तेथे असे समजले की ताई वॉर्डात दाखल झाल्यामुळे ती आता "गृह-रुग्ण" उरलेली नाही. तिचे नाव घरच्या रुग्णांतून कमी केले आहे आणि दाखल होताना जमा करून घेतलेला तिचा उरलेला संच दुसऱ्यास दिला आहे. संच फक्त गृह-रुग्णांस मिळतो. ती गृह-रुग्ण व्हावी यासाठी तिला घरी नेणे आवश्यक आहे. घरी नेण्यासाठी संच आवश्यक आहे.

मी स्वेटरवाल्यांना विचारले की मग तिला आधी घरी नेऊ का. ते म्हणाले, न्या की. मी म्हटले, संचाशिवाय नेली तर ती वाटेत जाईल. ते म्हणाले की तसे झाल्यास नाव कमी करण्याचा वेगळा नमुना आहे.

महोदय, ते मुद्दाम तसे बोलले नाहीत. बोलून झाल्यावर त्यांच्याही लक्षात आले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला पाणी प्यायला सांगितले. मी प्यायले नाही. मी गाडी शिकवण्याच्या धंद्यात आयुष्य काढले आहे. शिकाऊ माणूस घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. म्हणून आजवर कोणाला इजा झाली नाही. आपल्या विभागात तो दुसरा ब्रेक कोणाच्या पायाखाली आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे. तो आपल्या पायाखाली असेल असे समजून हा अर्ज करते.

१०. तरी माझ्या मागण्या अशा:

(अ) ताईचे नाव आज घरच्या रुग्णांत परत घ्यावे आणि तिला पूर्ण कोरडा संच द्यावा. कोरडा म्हणजे आतून कोरडा.

(आ) तिला व ज्यांचा श्वास यंत्रावर आहे अशा सर्वांना राखीव संच परत द्यावा. बाकावर माझ्याबरोबर बसणाऱ्यांत भट्टीवाले आहेत, एक निवृत्त माळीकाका आहेत ज्यांची पत्नी यंत्रावर आहे, आणि एक सासूबाई आहेत ज्या सुनेसाठी येतात. त्यांनी मला लिहायला सांगितलेले नाही. त्यांना भीती वाटते की तक्रार केली तर त्यांची पिशवी आणखी मागे पडेल. ही भीती खोटी आहे असे त्यांना आपण समोर येऊन सांगावे.

(इ) फायली कपाटातून काढाव्यात. त्या ठेवायला जागा नसेल तर माझ्या स्कूलची खोली देते. ती कोरडी आहे, दोन खुर्च्या, एक टेबल आणि रस्त्यावरच्या चिन्हांचा तक्ता एवढेच तिच्यात आहे. नवीन जागा मिळेपर्यंत माझे वर्ग मी गाडीत घेईन. फायलींची मी पर्यायी व्यवस्था करते. श्वासाची आपण करावी.

(ई) आपण स्वतः एकदा दुसऱ्या मजल्यावर यावे. जिना वीस पायऱ्यांचा असेल-नसेल. ताईची खाट दाराजवळ आहे. कागद आणण्याची गरज नाही. तिला आपणाशी बोलायचे आहे, रागाने नाही, तिचा स्वभाव तसा नाही. मात्र तिचे बोलणे एका दमात होत नाही. दोन-तीन शब्द होतात, मग श्वास घ्यावा लागतो, मग पुढचे दोन-तीन. लोकांना वाटते तिचे वाक्य संपले आणि ते उत्तर देऊन निघून जातात. आपण तसे करू नये. तिचे वाक्य पूर्ण होईपर्यंत उभे राहावे, एवढीच या अर्जातली खरी मागणी आहे असे समजले तरी चालेल.

मान्य व्हावे अशी आशा धरून, जी अजून सोडलेली नाही,

आपल्या मजल्याखालीच बसलेली,

(सही)
रुग्णाची धाकटी बहीण

दिनांक: आवक शिक्क्याप्रमाणे.

सोबत: १) परिपत्रकाची प्रत. २) "पर्यायी व्यवस्था" या पत्राची प्रत. ३) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी. तपासणीचा अहवाल अद्याप यायचा आहे, आल्यावर जोडीन.

ता. क. हा अर्ज देण्यास खिडकीवर आले असता स्वेटरवाल्यांनी तो उभ्याने वाचला, शेवटपर्यंत. मग ते आत गेले. बाहेर आले ते हातात बंद पिशवी घेऊन. नळी त्यांनी स्वतः उजेडाकडे धरून मला दाखवली. आतून कोरडी होती. ती कुठे वाळवली हे मी विचारले नाही, पण पिशवी अजून कोमट होती. हळू आवाजात ते म्हणाले, "ताईंना आजच घरी न्या. नावाचं मी बघतो. फक्त हा अर्ज आवक करू नका."

आभार मानून मी खाली आले, कारण हे ठरवण्याचा अधिकार माझा नव्हता. वाटेत बाक लागला. माळीकाका बसलेले होते. त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिले आणि सरकून मला जागा करून दिली. मी बसले नाही.

ताईला सगळे सांगितले. तिने हाताने मास्क थोडा बाजूला केला.

"सेट घे," ती म्हणाली. मी थांबले. तिने श्वास घेतला. "अर्जही दे."

तिच्या सांगण्याप्रमाणे संच ताब्यात घेतला आहे, सबब मागणी (अ) संचापुरती पूर्ण झाली असे समजावे. बाकीच्या कायम आहेत. अर्ज आवक करून घ्यावा.